कफनी देवाची, घाम नटाचा

गोदीतल्या आमच्या टोळीतला एक जण दरवर्षी पालखीबरोबर मुंबईहून शिर्डीला चालत जातो. यंदा आम्ही गाडीनं गेलो आणि त्याला तिथं गाठलं. रांगेत आम्ही उभे राहिलो नाही. बाहेर बाजारात फिरलो. एका टपरीवर साईबाबांच्या तसबिरी टांगलेल्या होत्या. दोस्तानं त्यातली एक उचलली, पैसे मोजले, कपाळाला लावली. आम्ही म्हटलं, "अरे, हा बाबा नाही. हा सुधीर दळवी. नट आहे." तो चिडला नाही. म्हणाला, "असू दे रे. आपल्याला बाबा असाच दिसतो."

हे वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून ह्या अंकाचं संपादकीय त्याच्यावरच.

साईबाबा गेले १५ ऑक्टोबर १९१८ला. त्यांचे फोटो मोजकेच, तेही जुन्या काळचे, धुरकट. मशिदीत राहणारा, दारोदार भाकरी मागून खाणारा तो फकीर. १९५४ साली मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी केलेली संगमरवरी मूर्ती समाधीवर बसली. फकीर दगडात आला. पुढच्याच वर्षी कुमारसेन समर्थांचा मराठी बोलपट आला. पण देशभरच्या घराघरांत बाबाला हलता-बोलता चेहरा मिळाला तो १९७७ साली, 'शिर्डी के साईबाबा' ह्या हिंदी सिनेमात. दिग्दर्शक अशोक भूषण, पाठीशी मनोजकुमार, आणि कफनीत सुधीर दळवी. त्याच साली मनमोहन देसाईंच्या 'अमर अकबर अँथनी'त ऋषी कपूरनं बाबाची कव्वाली म्हटली. नगर जिल्ह्यातलं एक गाव ह्या दोन सिनेमांनी पार लखनौ-कलकत्त्यापर्यंत नेलं.

आता हिशोब बघा. शिर्डीत एका रस्त्याला मनोजकुमारांचं नाव मिळालं. गावात हॉटेलं उठली, लॉज उठले, रेल्वे आली, विमानतळ आला. आणि ज्याच्या तोंडाकडे बघून लोकांनी हात जोडले त्याला काय मिळालं? भूमिका मिळाल्या. देवमाणसांच्या. २५ जानेवारी १९८७ला दूरदर्शनवर रामानंद सागरांचं 'रामायण' सुरू झालं, त्यात ते वसिष्ठ झाले. आमची आई सांगते, रविवारी सकाळी चाळीतल्या एकुलत्या एका टीव्हीला हार घालायचे, उदबत्ती लावायचे, आणि मागच्या पोरांना दटावून खाली बसवायचे.

त्या रामायणातल्या पात्रांचं पुढं काय झालं तेही बघा. सीता झालेल्या दीपिका चिखलिया १९९१ला बडोद्यातून खासदार झाल्या. रावण झालेले अरविंद त्रिवेदी त्याच निवडणुकीत साबरकांठातून लोकसभेत गेले. हनुमान झालेले दारासिंग २००३ला राज्यसभेत पोचले. राम झालेले अरुण गोविल २०२४ला मेरठमधून निवडून आले. चेहऱ्याची नोट दिल्लीत वटते. वसिष्ठ तिकडे गेला नाही. तो काम करत राहिला, मालिकांत, सिनेमांत, मिळेल ती भूमिका.

आणि ऑक्टोबर २०२५मध्ये बातमी आली. सुधीर दळवी, वय ८६, मुंबईच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात. उपचाराचा खर्च लाखांत. कुटुंबाचं लोकांना मदतीचं आवाहन.

बातमी वाचून आम्ही सुन्न झालो असं लिहिणार नाही. राग आला. लोकांनी जे हात त्याच्यापुढं जोडले, त्याच लोकांपुढं त्याच्या माणसांना हात पसरावा लागला. बाबाची भिक्षा हे त्याचं व्रत होतं. नटाच्या घरच्यांची भिक्षा हे कुणाचं व्रत?

शिर्डी संस्थानानं ११ लाख रुपये द्यायचं ठरवलं. संस्थानाच्या तिजोरीवर कोर्टाची नजर असते, म्हणून मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाकडं परवानगी मागितली, आणि ती मिळाली. चांगलं झालं. ह्यात आम्ही खोड काढणार नाही. पण दोस्तांनो, ती मदत आहे. मदत देणाऱ्याच्या मनावर असते. मजुरी घेणाऱ्याच्या हक्कावर असते. एवढा फरक गोदीतल्या माणसाला कुणी शिकवावा लागत नाही.

आता हक्काचं ऐका. तो सिनेमा आला त्याच सुमारास देव आनंदचा एक खटला ह्याच मुंबई हायकोर्टात चालला. कोर्टाचं म्हणणं पडलं की पडद्यावरच्या अभिनयावर नटाचा कॉपीराइट नाही. म्हणजे गाणं लिहिणाऱ्याचं, चाल बांधणाऱ्याची, रीळ निर्मात्याचं. घाम मात्र कुणाचाच नाही! १९९४ला कायद्यात कलाकाराचा हक्क आला, पण सिनेमात काम करायला एकदा होकार दिला की तो हक्क संपला. शेवटी २०१२च्या दुरुस्तीनं सांगितलं की कामाचा धंद्यासाठी वापर झाला तर नटाला त्याचा वाटा मिळाला पाहिजे. १९७७ सालच्या कफनीला ३५ वर्षं उशीर झाला होता. मार्च २०२०ला लॉकडाऊनमध्ये 'रामायण' पुन्हा लागलं. १६ एप्रिलला ७ कोटी ७० लाख लोकांनी बघितलं, असं दूरदर्शननं छाती फुगवून जाहीर केलं. बघणाऱ्यांचा आकडा जाहीर होतो. नटांच्या वाट्याचा आकडा कुणी जाहीर करत नाही.

अमेरिकेतले नट काय आकाशातून पडले होते? १९६०ला त्यांच्या युनियननं हॉलिवूडचं काम बंद पाडलं. मागणी साधी: सिनेमा टीव्हीवर दाखवाल तर आम्हाला पुन्हा पैसे मोजा. जिंकले. पेन्शन आणि आजारपणाचा फंडही उभा राहिला. गंमत अशी की त्या वेळी युनियनचा अध्यक्ष होता रोनाल्ड रेगन. हाच पुढं राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९८१ला संपावरच्या ११ हजारांहून जास्त विमान-नियंत्रकांना त्यानं घरी बसवलं. पुढारी फिरला, पण संपानं मिळवलेलं नटांच्या पदरात राहिलं. २०२३ला हेच नट पुन्हा ११८ दिवस रस्त्यावर होते. त्यांच्यातल्या बहुतेकांचं नाव तुम्हा-आम्हाला माहीत नाही. युनियन स्टारांसाठी नसते.

तुम्ही म्हणाल, सिनेमावाल्यांचं रडगाणं आपण का गायचं? आपलं काय त्यात?

आपलंच आहे सगळं. गावानं आपल्या आज्या-पणज्याला मढी ओढायला लावली, सांगावे घेऊन रात्री-अपरात्री पळवलं, आणि म्हणाले, हा तुझा धर्म. कामाला धर्म म्हटलं की दाम द्यावा लागत नाही. शिळी भाकर दिली तरी चालते, वर उपकार. नटाला देव म्हणतात तेव्हा वरून ते उलटं दिसतं. एकाला शिवत नाहीत, दुसऱ्याच्या पाया पडतात. पण दोघांनाही मजूर म्हणत नाहीत. मजूर म्हटलं की हजेरी आली, हजेरी आली की पगार आला.

विठाबाई नारायणगावकर आठवा. मांगाच्या घरातली ही बाई तमाशाच्या फडावर उभ्या महाराष्ट्राला नाचवून गेली. राष्ट्रपतींच्या हातून मान मिळाला. २००२ला गेली तेव्हा दवाखान्याचं बिल भागवायला देणगीदार शोधावे लागले. नंतर सरकारनं तिच्या नावानं पुरस्कार काढला. मेलेल्या कलावंताचा सत्कार स्वस्तात पडतो.

१९४८च्या कायद्याआधी गोदीत मजूर सकाळी दाराशी उभा राहायचा. मुकादमानं बोट दाखवलं तर काम, नाहीतर परत. भांडून नोंदणी आली, हजेरी आली, फंड आला. १९६९ला माथाडींनी तेच मिळवलं. आज आपल्या वस्तीतली पोरं मालिकांच्या सेटवर गर्दीत उभी राहायला जातात. कुणी हवालदार होतो, कुणी वऱ्हाडी. त्यांचा मुकादम अजून बोटच दाखवतो. त्या पोरांना आमचं सांगणं आहे: कागद वाचल्याशिवाय सही करू नका. युनियनचं कार्ड काढा. २०१२चा हक्क तोंडपाठ करा. आणि सेटवर कुणी 'कलेची सेवा' म्हणायला लागला की त्याला आधी पाळीचा भाव विचारा.

आणि शिर्डीच्या भक्तांना एवढंच. तसबीर जरूर घ्या. पण तिच्यात एक माणूस आहे, त्यानं पाळी भरलेली आहे, हे विसरू नका. परतताना गाडीत आमच्या दोस्तानं ती तसबीर पुन्हा काढली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, "ह्याला फंड होता का रे?"

पालखीत इतकी वर्षं चालल्यावर त्याला पडलेला हा पहिला खरा प्रश्न. आता तो सगळ्यांनी विचारावा.