वस्तरा जुना, पाते मात्र नवे

ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात एखाद्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास ठरला की घरोघरचे माळे रिकामे होऊ लागतात. पितळी डबे आणि सागवानी पाटांबरोबर एखाद्या पत्र्याच्या पेटीतून दाढीचे सामानही निघते: झिजलेला ब्रश, तुरटीचा खडा आणि घडी घातलेला गंजका वस्तरा. घरातील आजोबा तो हातात घेतात आणि विचारतात, ‘‘हा दुरुस्त होईल का रे?’’ त्या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडलेला असतो: मला पुन्हा याने दाढी करता येईल का? आज या दोन्ही प्रश्नांचा विचार करू.

प्रथम वस्तऱ्याची जात ओळखावी. पूर्वी नाभिकाच्या धोकटीत अखंड पात्याचा वस्तरा असे. सहाणेवर व चामड्याच्या पट्ट्यावर त्याला धार लावली जाई. दुसऱ्या प्रकारात पाते बदलता येते. मुठीला जोडलेल्या धातूच्या खाचेत दुधारी पात्याचा अर्धा तुकडा बसवतात. केशकर्तनालयांत आता हाच प्रकार रूढ आहे. त्याचे कारण आरोग्याशी निगडित आहे. रक्तातून पसरणारा ‘हेपटायटिस बी’चा विषाणू शरीराबाहेरही किमान सात दिवस तग धरू शकतो. म्हणून प्रत्येक व्यक्तीसाठी नवे पाते हवे. आपल्या हाती आलेला वस्तरा या दुसऱ्या प्रकारचा असेल, तरच पुढील कृती करावी.

खाचेत जुने पाते अडकले असेल तर जाड हातमोजे घालून ते चिमट्याने काढावे. ते कचऱ्यात सुटे टाकू नये. झाकणाच्या डब्यात ठेवून, चिकटपट्टीने डबा बंद करून त्यावर ‘धारदार वस्तू’ असे लिहावे. कचरा उचलणारे हातही कुणाच्या तरी घरातलेच असतात.

त्यानंतर मूठ पाहावी. हाड, शिंग किंवा लाकूड असेल तर ती पाण्यात भिजवू नये. मूठ बोटाने घासल्यावर कापरासारखा वास आला तर ती सेल्युलॉइडची असण्याची शक्यता आहे. हा पदार्थ चटकन पेट घेतो, म्हणून तो वस्तरा उकळत्या पाण्यापासून व ज्योतीपासून दूर ठेवावा.

धातूचा भाग कोमट पाणी, साबण आणि जुना मऊ टूथब्रश यांनी स्वच्छ करावा. वरवरचा गंज तेलाच्या थेंबासह अगदी बारीक स्टील वूलने हलक्या हाताने निघतो. जोर लावल्यास वरचा मुलामा जातो. मुलाम्याचे पापुद्रे निघत असतील किंवा खाचेत गंजाने खड्डे पडले असतील, तर तो वस्तरा त्वचेला लावू नये. तो आठवण म्हणून जपावा. स्वच्छ झालेला धातू सत्तर टक्के स्पिरिटने पुसून आपोआप वाळू द्यावा. त्या वेळी जवळ गॅस किंवा निरांजन पेटलेले नसावे. ब्लीचिंगचे द्रावण वापरू नये, त्याने धातू खराब होतो. शेवटी बिजागरीच्या खिळ्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. खाडीकाठची आणि उल्हास नदीच्या परिसरातील पावसाळी हवा दमट असते. त्यामुळे वस्तरा न्हाणीघरात ठेवू नये. कोरड्या सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवावा.

हे सारे काम पाते न बसवता करायचे असल्याने आजोबा आणि नातवंडे शेजारी बसून करू शकतात. स्पिरिटचे काम तेवढे मोठ्यांनी करावे. घासता पुसताना जुन्या गोष्टी निघतात, बोटांना हालचाल मिळते, आणि ‘मी काही उपयोगाचा उरलो नाही’ ही वृद्धापकाळातील सल काही काळ तरी विसरली जाते.

आता दुसरा प्रश्न. नवे पाते बसवल्यावर ते हलता कामा नये, त्याची कड सर्वत्र सारखी बाहेर दिसली पाहिजे आणि बिजागरी सैल नसावी. दुधारी पाते अर्धे करायचे असल्यास ते कागदी वेष्टणातच दुमडून मोडावे, आणि हे काम थरथरत्या हातांनी करू नये.

वस्तरा या कसोटीला उतरला तरी हात उतरतोच असे नाही. चहाचा भरलेला कप न सांडता ओठांपर्यंत जातो का? आरशातील हनुवटी स्पष्ट दिसते का? वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेल किंवा अ‍ॅस्पिरिन यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू आहेत का? मधुमेह आहे का? वयानुसार त्वचा पातळ होते. या औषधांमुळे रक्त लवकर थांबत नाही, तर मधुमेहात जखम भरायला वेळ लागतो. यांपैकी काहीही असेल तर उघड्या पात्याऐवजी विजेवर चालणारा शेव्हर किंवा ट्रिमर निवडावा. दाढीसाठी औषध मात्र परस्पर बंद करू नये. चुकून कापलेच तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे, मध्येच उचलून पाहू नये. तरीही रक्त थांबले नाही तर डॉक्टरांकडे जावे. धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली, याची नोंदही घरात असावी.

शुश्रूषा करणाऱ्यांनी उघडा वस्तरा रुग्णाच्या गालावर चालवून शिकू नये. घरी येणाऱ्या अनुभवी कारागिराला आपला स्वच्छ केलेला वस्तरा द्यावा आणि नवे पाते आपल्यासमोर बसवायला सांगावे. चालू असलेल्या औषधांची कल्पनाही त्याला आधी द्यावी.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन करणार नाही, असे त्यांनी ठरवले. प्रसंग फार वेगळा, पण त्यातील धडा आपल्या घरातही लागू पडतो. ज्याच्या अंगावर वस्तरा चालायचा, त्याची इच्छा आधी विचारली पाहिजे. अंथरुणावर असलेल्या वडिलांचा चेहरा न विचारता साबणाने माखणे हेही त्यांच्या मनाला लागते. ‘‘बाबा, आज दाढी करायची का?’’ एवढे विचारावे आणि ‘नको’ म्हणाले तर उद्यापर्यंत थांबावे.

कापण्याचे काम ट्रिमरकडे गेले तरी बाकीचे त्यांच्याकडेच राहू द्यावे. आरसा त्यांनी धरावा, ब्रशने फेस त्यांनी करावा, तो चेहऱ्याला त्यांनीच लावावा. ट्रिमर कोरडा चालणारा असेल तर फेस आधी पुसून चेहरा कोरडा करावा. शेवटी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल आपल्या मनगटावर तपासून त्यांच्या हाती द्यावा. उजळलेला वस्तरा पाते काढून शेजारी ठेवला, तर त्यांना आपली सकाळ ओळखीची वाटेल.