परतीचं दार उघडं असू द्या

बारावीचा निकाल लागला त्या रात्री जेवताना मुलगा म्हणाला, ''आई, मला कॉलेजला नाही जायचं. सेमिनरीत जायचंय.'' ह्यांचा घास हातातच राहिला. मला आनंद झाला की पोटात धस्स झालं, खरंच सांगता येणार नाही.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. सेमिनरी म्हणजे फादर होण्याचं शिक्षण जिथे राहून घेतात ती जागा. आमच्याकडे घरातला मुलगा फादर होणं म्हणजे केवढा मान! दुसऱ्या दिवशी आयाबाया दारात हजर. ''घराण्याचं नाव काढलंस गं!'' सासूबाईंचे डोळे भरून आले. मला मात्र पलीकडच्या आळीतला एक मुलगा आठवत होता. तोही बारावीनंतर गेला आणि चौथ्या वर्षी परत आला. हे आपलं पाचारण, म्हणजे देवाची हाक, नाही हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. पण हातात पदवी नाही आणि कपाळावर 'पळून आला' हा शिक्का. त्याची आई कित्येक रविवार मिस्सेला आली नाही. मंडळाच्या कामाच्या निमित्ताने मी तिच्याकडे जायचे, म्हणून तिचं रडणं मला ठाऊक.

आम्ही आमच्या फादरांकडे गेलो. त्यांनी हिशेबच मांडला. चर्चच्या १९८३ च्या कायद्याप्रमाणे तत्त्वज्ञानाची दोन आणि धर्मशास्त्राची चार, अशी निदान सहा वर्षं अभ्यास. पूर्वतयारीचा काळ वेगळा. शिवाय वयाची २५ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय गुरुदीक्षा मिळत नाही. म्हणजे आधी बी.ए. केलं, तर फार तर दोन-तीन वर्षं उशीर. काही ठिकाणी सेमिनरीत राहूनही पदवी घेता येते, तेही विचारून घ्यावं.

मी लगेच म्हटलं, ''मग आधी पदवीच!'' तेव्हा फादर हसून म्हणाले, ''याच कायद्यात कलम १०२६ आहे. कुणाला दीक्षेसाठी भाग पाडायचं नाही, आणि योग्य माणसाला अडवायचंही नाही.'' मी चपापले. तीन वर्षांत हा ते वेड विसरेल, अशी चोरटी आशा माझ्या मनात होतीच की!

घरी आल्यावर लेकाजवळ ते कबूल केलं. तो म्हणाला, ''आणि कॉलेजात एखादी मुलगी आवडली तर?'' म्हटलं, ''तर ते विसाव्या वर्षी कळलेलं बरं, तिशीत नको.'' बराच वेळ गप्प बसला. मग स्वतःच कॉलेजचा फॉर्म भरला. सुट्टीत मात्र सेमिनरीतल्या शिबिराला जाणार आहे, आणि मी अडवणार नाही.

सगळ्यांनी असंच करावं, असं माझं म्हणणं नाही. एखाद्याची हाक पक्की असेल, तर त्याने खुशाल बारावीनंतर जावं. पण मैत्रिणींनो, जाणाऱ्याला हार घालतो, तसं परत येणाऱ्याला ताट वाढायला नको का? पलीकडच्या आळीतल्या त्या आईला मी येत्या रविवारी मिस्सेला सोबत घेऊन जाणार आहे.