तावदाने दोन, वारा अर्धा

पुण्यामुंबईच्या जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचा पुनर्विकास सुरू झाला की सभासदांच्या बैठका रात्री उशिरापर्यंत रंगतात. चटई क्षेत्र किती वाढवून मिळणार, कॉर्पस निधी किती, पर्यायी जागेचे भाडे कोणत्या महिन्यापासून, वाहनतळ कोणाच्या वाट्याला, यांतल्या एकेका मुद्द्यावर तासन् तास खल होतो. आणि तो व्हावाही, कारण मध्यमवर्गीय माणसाची एकुलती एक मालमत्ता तेथे पणाला लागलेली असते. करारनाम्याला जोडलेल्या सुविधांच्या यादीत खिडक्यांविषयी मात्र एकच ओळ असते : ‘पावडर कोटेड अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या’. तीत ‘डबल ग्लेझिंगसह’ एवढे दोन शब्द वाढले, तर सभासद सुखावतात. त्या ओळीवर कोणी हात वर करीत नाही. पुढची तीस-चाळीस वर्षे घरात वारा किती येणार, वैशाखातल्या दुपारी खोलीत धग किती साठणार आणि रस्त्याकडच्या खोलीत म्हाताऱ्या माणसाला झोप लागणार की नाही, हे सारे त्या एका ओळीने ठरून गेलेले असते.

दुहेरी तावदानांची कल्पना तशी नवी नाही. अमेरिकेत १८६५ साली स्टेटसन नावाच्या गृहस्थाने तिचे एकस्व घेतले होते. तिचा खरा प्रसार झाला तो पुष्कळ नंतर, १९७३ च्या तेलसंकटाने युरोपातील घरे उबदार ठेवण्याचा खर्च डोईजड झाला तेव्हा. तत्त्व साधे आहे. दोन काचांमध्ये बारा ते सोळा मिलिमीटरची पोकळी ठेवायची, कडेच्या पट्टीत ओल शोषून घेणारे कण भरायचे, कडा हवाबंद करायच्या आणि आत कोरडी हवा किंवा आर्गॉन वायू कोंडायचा. कोंडलेला वायू उष्णतेचा मंद वाहक असल्यामुळे घरातील ऊब बाहेर जाण्यास वेळ लागतो. आकड्यांतच सांगायचे, तर आतल्या-बाहेरच्या तपमानात एक अंशाचा फरक असेल तेव्हा साध्या काचेच्या एका चौरस मीटरमधून सुमारे ५.७ वॅट उष्णता जाते. दुहेरी काचेतून सुमारे २.८ वॅट. म्हणजे गळती निम्म्यावर येते. लंडन किंवा बर्लिनच्या हिवाळ्यात, बाहेर शून्य आणि आत वीस अंश असताना, ही बचत मोलाचीच आहे.

तेथील युक्तिवाद जसाच्या तसा येथे आणला की गणित फसते. वातानुकूलन नसलेल्या मुंबईच्या घरात मे महिन्यात आतल्या आणि बाहेरच्या तपमानात फरक असतो तो दोन-तीन अंशांचा. त्या फरकातून वाचून वाचणार किती? खोली यंत्राने थंड केलेली आहे आणि फरक दहा अंशांचा आहे असे धरले, तरी दोन चौरस मीटरच्या खिडकीमागे बचत होते ती जुन्या साठ वॅटच्या दिव्याएवढी. त्याच खिडकीवर पश्चिमेचे ऊन पडू लागले की मात्र निराळाच प्रकार सुरू होतो. दर चौरस मीटरला पाचशे वॅट ऊन धरा. साधी काच त्यातील सुमारे आठ दशांश उष्णता आत सोडते, म्हणजे खोलीत आठशे वॅट. एखादी इस्त्री दुपारभर चालू ठेवावी तशी गत. त्या जागी साधी दुहेरी काच बसवली, तर आठशेचे सातशे होतात. ऊन रोखणे हे दुसऱ्या तावदानाचे काम नव्हेच. थंड देशांतील गृहस्थाला सूर्य घरात हवा असतो, आपल्याला तो बाहेर हवा असतो. काच तीच, गरज मात्र उलटी. ऊन परतवणारे खास लेपन असलेली काच मिळते, पण विक्रेता ‘डबल ग्लेझिंग’ म्हणतो तेव्हा त्यात ते लेपन असतेच असे नाही. ते विचारून घ्यावे लागते.

ऊन काचेपर्यंत पोचूच द्यायचे नाही, हे जुन्या गवंड्यासुतारांना पक्के ठाऊक होते. मुंबईत ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह परिसरातील ज्या वास्तुसमूहाला युनेस्कोने २०१८ साली जागतिक वारशाचा मान दिला, त्यातील आर्ट डेको इमारतींकडे पाहावे. खिडक्यांवर भुवयांसारखे पुढे आलेले छज्जे दिसतील. ते केवळ शोभेसाठी नव्हते. छज्जा डोक्यावरचे ऊन अडवतो आणि पाऊसही अडवतो. पश्चिमेचे उतरते ऊन त्याला आवरत नाही. त्यासाठी आडव्या पट्ट्यांची लाकडी झडप होती, बांबूची चिक होती. झडप मिटली तरी पट्ट्यांच्या फटींतून वारा वाहत राही. नव्या इमारतींच्या गुळगुळीत दर्शनी भागातून छज्जा नाहीसा झाला आणि त्याची भरपाई म्हणून काचेवर काच चढवण्यात येऊ लागली.

अर्थात येथील माणूस दुहेरी काच घेतो तो उष्णतेसाठी नव्हे, आवाजासाठी. या गरजेला हसण्यात अर्थ नाही. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. उड्डाणपुलाच्या उंचीवर ज्यांचे शयनगृह आले आहे, त्यांना ती कागदावरच भेटते. पण आवाजाच्या बाबतीतही ‘दोन काचा म्हणजे दुप्पट शांतता’ हा समज खरा नाही. चार मिलिमीटरची दोन तावदाने आणि मध्ये बारा मिलिमीटर पोकळी ही बाजारातील नेहमीची रचना रहदारीच्या घरघरीपुढे एकट्या सहा मिलिमीटरच्या काचेहून फारशी सरस ठरत नाही. सारख्या जाडीच्या दोन काचा एकाच सुरात थरथरतात आणि ट्रकचा खर्जातला आवाज आत येतोच. जाड्या वेगवेगळ्या हव्यात, पोकळी रुंद हवी आणि एक काच तरी लॅमिनेटेड, म्हणजे दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असलेली, हवी. पुष्कळ घरांत रस्त्याच्या आवाजासाठी चांगली जाड लॅमिनेटेड काच एकटीच पुरते, मात्र चौकट घट्ट मिटणारी असली पाहिजे.

आणि चौकटीपाशीच सगळे अडते. सरकत्या खिडकीची तावदाने रुळावरून मोकळी सरकावीत म्हणून त्यांच्या कडांना ब्रशसारख्या केसाळ पट्ट्या लावलेल्या असतात. त्यांतून हवा येते, धूळ येते, आवाजही येतो. बिजागरीवर फिरणारी झडप मिटताना मात्र रबरी पट्टीवर दाबून बसते आणि फट उरत नाही. तेव्हा सरकत्या चौकटीत महागडी दुहेरी काच बसवणे म्हणजे भक्कम दाराला सुतळीची कडी लावण्यासारखे आहे. तरीही विक्री होते ती याच जोडीची, कारण दुकानात काच हाताला लागते, आकड्यांत सांगता येते. फट कोणी दाखवीत नाही.

सरकत्या खिडकीचा याहून मोठा दोष निराळा आहे. दोन तावदानांची सरकती खिडकी कितीही सरकवली तरी तिचा अर्धा भाग सदैव बंद राहतो. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. तीत खिडकीचा प्रत्यक्ष उघडणारा भाग किती धरायचा याचे हिशेब दिले आहेत : बिजागरीच्या खिडकीचा ९० टक्के, तीन तावदानांच्या सरकत्या खिडकीचा ६७ टक्के आणि दोन तावदानांच्या सरकत्या खिडकीचा ५० टक्के. उष्ण-दमट प्रदेशात घरातील उघडणाऱ्या खिडक्यांचे एकूण क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान एक-षष्ठांश असावे, असेही ती संहिता सांगते. दहा बाय बाराच्या खोलीला हाच हिशेब लावला, तर वीस चौरस फूट मोकळी जागा हवी. पाच बाय चारची खिडकी झडपांची असेल, तर तिच्यातून अठरा चौरस फूट मिळतात. सरकती असेल तर दहा. भिंतीतील भोक तेच, मजुरीही जवळपास तीच, पण वारा अर्धा. संहितेचे पालन कोठे किती होते हा प्रश्न वेगळा. हिशेब तर कोणत्याही सभासदाला फूटपट्टीने करता येतो.

सरकत्या खिडकीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, आणि ते बोलले पाहिजे. ती खोलीतील जागा अडवीत नाही, तिच्या आड पडदा वा पलंग येत नाही, आणि वाऱ्याने ती आपटत नाही. बाहेर उघडणाऱ्या झडपेला ग्रिल आणि डासांची जाळी आतून बसवावी लागते. उंच मजल्यावर तिला वारा पेलणारे मजबूत अडसर लागतात. आत उघडणारी झडप टेबलावरची पुस्तके पाडते. स्वयंपाकघराच्या ओट्यामागे किंवा अरुंद गच्चीच्या दारापाशी सरकती योजना सोयीचीच. आक्षेप आहे तो सगळ्या घराला एकच साचा लावण्याला.

मिटलेल्या खिडकीमागे काय होते, याचीही कोणी वाच्यता करीत नाही. घरोघरी बसलेले स्प्लिट वातानुकूलन यंत्र बाहेरची ताजी हवा आणीत नाही. खोलीतलीच हवा ते थंड करून पुन्हा फिरवते. हवाबंद खिडकी, चालू यंत्र आणि रात्रभर चार माणसे, अशा खोलीत सकाळी डोके जड होते त्याचे नवल नाही. जर्मनीत हवाबंद खिडक्यांच्या घरांतून भिंतींना बुरशी धरू लागली, तेव्हा दिवसातून काही वेळा खिडक्या सताड उघडून हवा खेळवण्याची शिस्त लोकांना पाळावी लागली. येथे तर बाहेरचा आवाज टाळण्यासाठीच खिडकी बंद केलेली. ती उघडायची केव्हा?

याच ठिकाणी घराचा प्रश्न घरापुरता राहत नाही. दोन तावदाने परवडणाऱ्याने शांतता विकत घ्यावी आणि न परवडणाऱ्याने भोंगे ऐकावेत, अशी वाटणी होऊ लागली आहे. शांतता क्षेत्र म्हणून घोषित केलेल्या भागात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. रस्त्यालगतच्या पालिकेच्या शाळेत शिक्षक खिडक्या मिटतो तेव्हा साठ मुले उकडून निघतात. उघडतो तेव्हा फळ्याजवळचे त्याचे बोलणे तिसऱ्या बाकापलीकडे जात नाही. त्या वर्गाला डबल ग्लेझिंग हे उत्तर नव्हे. ज्यांच्या शब्दाला पालिकेत आणि पोलीस ठाण्यात वजन आहे तो वर्ग काचेआड निर्धास्त झाला, की भोंग्यांविरुद्ध तक्रार करणारेही कमी होतात.

चौकटीच्या द्रव्याविषयी बाजारात जेवढा गहजब होतो तेवढे त्यात काही नाही. अ‍ॅल्युमिनियम लाकडाहून हजारपटीने उष्णता वाहते हे खरे, आणि म्हणून थंड देशांत त्याच्या पोटात प्लॅस्टिकचा तुकडा घालून वाट तोडतात. वातानुकूलन नसलेल्या घरात हा खर्च आवश्यक नाही. पाहायचे ते पत्र्याची जाडी, लेपनाचा दर्जा आणि स्क्रू कशाचे आहेत ते. कोकण किनाऱ्यावर खारी हवा चौकटीआधी स्क्रू खाते, तेथे ते स्टेनलेस स्टीलचेच हवेत. यूपीव्हीसी गंजत नाही, फुगत नाही, पण एकट्याने वारा पेलत नाही. त्याच्या पोटात पोलादी पट्टी असते आणि ती जस्त चढवलेली आहे ना, हे विचारावे. सागवानी चौकट अजूनही उत्तम, मात्र वर छज्जा आणि दर काही वर्षांनी तेलपाण्याची सवय असेल तरच. गंमत अशी, की पाडल्या जाणाऱ्या इमारतींतील जुने सागवान भंगाराच्या भावात कंत्राटदाराच्या मालमोटारीत चढते आणि सभासद नव्या चौकटीवरील लाकडाच्या रंगाचे कौतुक करीत राहतात.

दोन बारीक गोष्टींकडे मात्र अवश्य लक्ष द्यावे. सरकत्या खिडकीच्या रुळाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती धुळीने बुजली की आषाढातला पाऊस रूळ भरून घरात उतरतो आणि दोष काचेला दिला जातो. दुसरे असे, की हवाबंद दुहेरी काचेच्या कडा कधीतरी निकामी होतातच. मग दोन काचांमध्ये धुके धरते, ते पुसता येत नाही आणि सबंध जोड बदलावी लागते. काच धरणारी पट्टी बाहेरच्या बाजूस असेल, तर चौदाव्या मजल्यावर त्यासाठी झुला लावण्याची पाळी येते. आत असेल, तर एका सकाळचे काम.

हे सगळे विचारण्याची वेळ करारनाम्यावर सह्या होण्यापूर्वीची. पश्चिमेच्या खिडकीला छज्जा आणि बाहेरून झडप, रस्त्याकडच्या शयनगृहाला घट्ट मिटणारी बिजागरीची चौकट आणि लॅमिनेटेड काच, बाकीच्या खोल्यांना पूर्ण उघडणाऱ्या एकेरी काचेच्या झडपा, एवढे जरी त्या एका ओळीच्या जागी लिहून घेता आले, तरी सर्वत्र डबल ग्लेझिंग करण्याहून खर्च बहुधा कमीच येईल. बाहेरचा गिलावा पुरा झाल्यावर एखाद्या सभासदाने खिडकी बदलायची म्हटली, तर इमारतीचे दर्शनी रूप बिघडते या कारणास्तव हरकत घेते ती त्याचीच संस्था.