क्रेडिट बँकेत जमा झाले, पण वडशाच्या कॉलेजात चालतील का?

गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की अर्जुनी मोरगाव गेल्यावर थोड्याच वेळात वडसा येतं. दोन्हीकडे झाडीपट्टी, दोन्हीकडे धानाची शेती, बोलीही जवळपास तीच. पण मधे जिल्हा बदलतो आणि जिल्ह्याबरोबर विद्यापीठही बदलतं. अर्जुनीचं कॉलेज राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचं, वडशाचं गोंडवाना विद्यापीठाचं. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं, तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोलीची कॉलेजं नागपूरपासून वेगळी झाली. गोंदिया नागपूरकडेच राहिला.

आता समजा, अर्जुनीत बीकॉमचं पहिलं वर्ष पास झालेली मुलगी लग्न होऊन वडशाला गेली. तिला तिथेच दुसऱ्या वर्षाला प्रवेश हवाय. नव्या शैक्षणिक धोरणानुसार हे अगदी सोपं असायला हवं. मग अडतं कुठे?

त्यासाठी आधी ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ म्हणजेच एबीसी काय आहे ते बघू. यूजीसीने जुलै २०२१ मध्ये याचे नियम काढले. तुम्ही जो विषय पास होता, त्याचे क्रेडिट तुमच्या खात्यात जमा होतात. हे खातं डिजिलॉकरमधून उघडता येतं आणि आता ते १२ अंकी ‘अपार’ आयडीला जोडलेलं आहे. साधारण ७ वर्षांपर्यंत हे क्रेडिट वापरता येतात. मध्येच शिक्षण सुटलं तरी आधीची मेहनत वाया जाऊ नये, ही त्यामागची कल्पना. कल्पना चांगली आहे, यात वाद नाही.

पण क्रेडिट कशाचं माप आहे? वेळेचं. सेमिस्टरमध्ये १५ तासांचे वर्ग म्हणजे १ क्रेडिट, प्रात्यक्षिक असेल तर ३० तास. म्हणजे ‘४ क्रेडिट’ या आकड्यावरून तुम्ही किती तास शिकलात ते कळतं. त्या तासांत नेमकं काय शिकलात, ते कळत नाही. ते ठरतं अभ्यासक्रमावरून, आणि अभ्यासक्रम ठरवतं त्या त्या विद्यापीठाचं अभ्यास मंडळ. विषयाचा कोडही प्रत्येक विद्यापीठ आपापला देतं.

त्यामुळे आपल्या उदाहरणातल्या मुलीच्या खात्यात क्रेडिट व्यवस्थित दिसतील. वडशाच्या कॉलेजातला कारकून मात्र विचारेल, ‘हा पेपर आमच्याकडे कोणत्या पेपरच्या बदल्यात धरायचा?’ प्रश्न चुकीचा नाही, पण याचं उत्तर बँकेत नसतं. मग मायग्रेशन सर्टिफिकेट, एलिजिबिलिटी, जुन्या अभ्यासक्रमाची प्रत आणि विद्यापीठाच्या निर्णयाची वाट. तिकडे ज्या विषयाला पहिल्या सेमिस्टरमध्ये शिकवतात तो इकडे दुसऱ्यात असेल, तर एखादा पेपर पुन्हा द्यायला लागू शकतो.

महाराष्ट्रात हे आणखी गुंतागुंतीचं झालंय. राज्य सरकारच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवीचा ढाचा ठरवला. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, मग व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस... विद्यार्थ्यांना तर सोडाच, प्राध्यापकांनाही ही आद्याक्षरं पाठ व्हायला वेळ लागला असेल. वर्षाला किमान ४० आणि कमाल ४४ क्रेडिट, अशी मोकळीकही आहे. संलग्न कॉलेजांमध्ये हे २०२४-२५ पासून लागू झालं. म्हणजे कप्पे राज्यभर सारखे झाले, पण कप्प्यात काय ठेवायचं ते ज्याचं त्याने ठरवलं.

यूजीसीने नंबरांचा विचारच केला नाही असंही नाही. डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात १०० ते १९९ म्हणजे पायाभूत विषय, २०० ते २९९ मधल्या पातळीचे, ३०० ते ३९९ वरच्या पातळीचे, अशी विभागणी आहे. यावरून विषय किती अवघड ते समजतं. पण नागपूरचा १०१ आणि गडचिरोलीचा १०१ एकच आहे का, हे समजत नाही. खरी अडचण तिथेच आहे.

राज्यभर एकच कोड चालवणं अशक्य आहे, असं कुणी म्हणत असेल तर त्याला पॉलिटेक्निक दाखवा. एमएसबीटीईच्या डिप्लोमात प्रत्येक विषयाला राज्यभर एकच कोड असतो. ‘आय स्कीम’मध्ये २२२२६ म्हणजे प्रोग्रॅमिंग इन सी, मग कॉलेज गोंदियाचं असो की साकोलीचं. विद्यार्थी बदलून गेला तरी कोणता पेपर कशाच्या बदल्यात, हा वाद होत नाही. अर्थात तिथे अख्ख्या राज्याला एकच मंडळ आहे, म्हणून ते सोपं जातं. नागपूरच्या स्वायत्त शासकीय पॉलिटेक्निकमध्ये जायचं म्हटलं की पुन्हा तोच प्रश्न येतो.

वेगवेगळ्या संस्था असताना हे कसं करायचं, याचा प्रयोग अमेरिकेत कॅलिफोर्नियात चालू आहे. तिथे ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. तिथे दोन वर्षं शिकून बरेच जण पुढे विद्यापीठात जातात आणि तिथे गेल्यावर ‘हा विषय धरला जाणार नाही’ हे त्यांनाही ऐकावं लागायचं. २०२१ मध्ये ‘एबी ११११’ हा कायदा झाला : सारख्या विषयाला सगळ्या कॉलेजांत सारखाच नंबर. सुरुवात मोजक्या विषयांनी केली. इंग्रजी, संख्याशास्त्र, मानसशास्त्र असे जे जवळपास प्रत्येकाला घ्यावे लागतात ते आधी. विषयाचा मुख्य गाभा सगळीकडे एकच, त्यावर कॉलेजला आपली भर घालता येते.

ही शेवटची गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. कारण समान नंबर म्हटलं की लगेच आक्षेप येतो, मग गोंडवानाने जंगल आणि आदिवासी समाजावरचे विषय शिकवायचे नाहीत का? झाडीपट्टी रंगभूमीवर कुणी ओपन इलेक्टिव्ह काढलं तर त्याला पुण्यात नंबर कुठून मिळणार? आक्षेप रास्त आहे, पण असे विषय वेगळे राहू द्यायला कुणाची हरकत नाही. पर्यावरण, संविधान, पहिल्या वर्षाचं इंग्रजी, बीकॉमचं पायाभूत लेखांकन, एवढ्यांना तरी राज्यभर एकच नंबर द्यायला काय हरकत आहे? माझ्या मते अडचण अभ्यासक्रमाची कमी आणि ‘आमच्या मंडळाने ठरवलेलं’ या अभिमानाची जास्त आहे.

आणि गोंदियाला तर फक्त शेजारचं विद्यापीठ नाही, शेजारची राज्यंही आहेत. उत्तरेला बालाघाट, पूर्वेला राजनांदगावकडचा भाग. बालाघाटशी इथल्या घरांच्या सोयरिकी जुन्या आहेत. मध्य प्रदेशाने नवं धोरण २०२१-२२ मध्येच सुरू केलं, म्हणजे आपल्या संलग्न कॉलेजांच्या ३ वर्षं आधी. तिरोड्याची मुलगी बालाघाटला गेली तर राज्याचा समान नंबरही पुरणार नाही. त्यासाठी यूजीसीलाच पुढे यावं लागेल.

तोवर तुम्ही किंवा घरातलं कुणी कॉलेज बदलणार असेल, तर तीन कामं निघायच्या आधी करा. एबीसी खात्यात सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट दिसतात का ते बघा, कारण ते कॉलेज आणि विद्यापीठाकडून चढवले जातात, आपोआप येत नाहीत. शिकलेल्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, कोड आणि क्रेडिटसह, विद्यापीठाच्या वेबसाइटवरून उतरवून ठेवा. आणि नव्या कॉलेजात फी भरण्यापूर्वी कोणते पेपर धरले जातील आणि कोणते पुन्हा द्यावे लागतील, हे लेखी मागा. ‘होऊन जाईल’ या तोंडी उत्तरावर वर्ष पणाला लावू नका.