खरखर, धक्का आणि ठिणगी

ध्वनिवर्धक यंत्र हे आज प्रत्येक धार्मिक व सांस्कृतिक समारंभाचे अंग बनले आहे. यंत्राचे बटण दाबताच स्पीकरमधून ‘धप्’ असा आवाज यावा, वक्त्याने माइक हाती घेताच ‘टक्’ व्हावे, आवाज कमीअधिक करताना खरखर व्हावी, हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही उणे आहे असे कोणास वाटतच नाही. वस्तुतः यांपैकी प्रत्येक आवाजास स्वतंत्र कारण असते आणि बहुतेक कारणांवर अल्प खर्चाचा उपाय असतो. अधिक शक्तीचे नवे यंत्र घेण्यापूर्वी मंडळांनी हाती असलेल्या यंत्राचे हे दोष दूर करावेत, हेच उचित होय.

कुवेतमधील महबूला या वस्तीचा विचार केला असता या प्रश्नाचे महत्त्व विशेष ध्यानी येते. अहमदी प्रांतातील समुद्रकाठची ही वस्ती उंच इमारतींनी दाटलेली असून तेथील बहुसंख्य रहिवासी नोकरीसाठी परदेशांतून आलेले आहेत. त्यांत भारतीयांची संख्या मोठी आहे. अशा इमारतीत भजन वा आरती होत असता भिंतीपलीकडे रात्रपाळी करून आलेला कामगार निजलेला असू शकतो. भजनाचे सूर भिंतीत बरेचसे विरतात, परंतु ‘धप्’ हा खर्ज आवाज भिंत ओलांडून जातो. गिरमिटावर सागरापार गेलेल्या पूर्वजांनी दाटीच्या बराकींत राहून आपले सण जतन केले. त्यांच्या वंशजांस शेजार राखून देवाचे नाव घेणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

प्रथम ‘धप्’ या धक्क्याचा विचार करू जाता असे दिसते की, एकेरी विद्युत्पुरवठ्यावर चालणाऱ्या अनेक लहान ॲम्प्लिफायरांत स्पीकरच्या वाटेवर एक मोठा कपॅसिटर असतो. पुरवठा २४ व्होल्टचा असेल तर हा कपॅसिटर सुमारे १२ व्होल्टपर्यंत भरावा लागतो, आणि तो भरणारा प्रवाह स्पीकरमधूनच जातो. स्पीकरचा पडदा त्यामुळे एकाएकी ढकलला जातो. तोच हा धक्का. दुहेरी पुरवठ्याच्या यंत्रात असा कपॅसिटर बहुधा नसतो. तथापि दोन्ही बाजू सारख्या गतीने स्थिरावल्या नाहीत तर तेथेही धक्का बसतोच. जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांस तापावयास वेळ लागे व स्पीकरपूर्वी ट्रान्सफॉर्मर असे, म्हणून तेथे हा त्रास कमी जाणवे.

यावर उत्तम उपाय म्हणजे स्पीकर दोनचार सेकंद विलंबाने जोडणारा रिले होय. यंत्र बंद होताना मात्र हाच रिले सर्वांत आधी सुटला पाहिजे. अन्यथा आरंभीचा धक्का टळून शेवटचा उरतो. टीडीए ७२९४ सारख्या चिपमध्ये म्यूट व स्टँडबाय यांसाठी स्वतंत्र पायच दिलेले असतात. ते योग्य क्रमाने चालविल्यास धक्का पुष्कळ ओसरतो.

खरखरीचे कारण बहुधा धूळ असते, आणि वाळूची वादळे अनुभवणाऱ्या कुवेतमध्ये धुळीस तोटा नाही. आवाजाची कळ स्वच्छ केली की खरखर जाते. परंतु थोड्याच दिवसांत ती परतली तर दोष कळीचा नसून तिच्यामागील झिजलेल्या कपॅसिटरचा असण्याचा संभव असतो. त्यातून झिरपणारा एकदिश प्रवाह कळीवर येतो. तेथे कपॅसिटरच बदलावा लागतो. माइकचा ‘टक्’ टाळण्यास तर दमडीही लागत नाही. ज्या माइकला मिक्सरकडून ४८ व्होल्ट पुरवावे लागतात, तो जोडण्यापूर्वी वा काढण्यापूर्वी त्याचा मार्ग बंद करावा. तसेच सुरू करताना ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी, हा क्रम कधीही मोडू नये.

एका आवाजाकडे मात्र निव्वळ उपद्रव म्हणून पाहता येत नाही. प्लग हलविताच स्पीकरमध्ये कडकड होत असेल, बोर्ड गरम लागत असेल, तर तेथे सैल जोडातून ठिणगी उडत असण्याचा संभव असतो. अशा वेळी आवाज बारीक करून कार्यक्रम रेटणे हा अविचार होय. वीज तत्काळ बंद करून जाणत्या कारागिराकडून जोड तपासून घेतला पाहिजे. महबूल्यापासून जवळच असलेल्या मंगफ येथे १२ जून २०२४ रोजी कामगारांच्या इमारतीस आग लागून सुमारे ५० जणांचा अंत झाला. मृतांत बहुसंख्य भारतीय होते. विजेचे शॉर्टसर्किट हे त्या आगीचे कारण असल्याचे कुवेतच्या अग्निशमन दलाने सांगितले. ती आग ध्वनिवर्धकाने लागली नव्हती. परंतु दाटीच्या इमारतीत विजेचा एक दोष किती घरे उजाड करू शकतो, याचे ते दारुण उदाहरण आहे.

क्षणभराच्या आवाजासाठी एवढा खटाटोप कशाला, असे काही जण म्हणतील. परंतु तोच क्षण कुशीतल्या तान्ह्या मुलास दचकवतो, श्रवणयंत्र लावलेल्या वृद्धास वेदना देतो, आणि कधी स्पीकरचीही हानी करतो. ध्वनिवर्धकापाशी बसणाऱ्या कार्यकर्त्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच छापले जाते. मंडळांनी त्यास यंत्राची रचना शिकण्याची संधी द्यावी, दुरुस्तीसाठी वर्षाकाठी काही रक्कम राखून ठेवावी, आणि बोर्डाविषयी शंका येताच कार्यक्रम थांबविण्याचा अधिकारही त्याच्याच हाती द्यावा. मग अध्यक्षांचे भाषण रंगात आलेले असले तरी हरकत नाही.