गाडीतल्या टचस्क्रीनची तार नेमकी कुठे जोडली आहे, हे सॉफ्टवेअरला कसं कळतं?

आळंदीहून चाकणकडे निघालात की वाहन उद्योगाचा पट्टा सुरू होतो. महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने याच भागात आहेत. आजच्या गाडीत कॉम्प्युटर असतोच. अँड्रॉइड ऑटोमोटिव्हवर चालणाऱ्या स्क्रीनच्या मुळाशी तर लिनक्स कर्नल असतो, तोच जो तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये आहे.

मग अडचण काय?

कर्नल तोच, पण प्रत्येक सर्किट बोर्डची जोडणी वेगळी. पूर्वी एआरएम चिपच्या प्रत्येक बोर्डची माहिती थेट कर्नलच्या कोडमध्ये लिहायचे. २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यानंतर ही माहिती 'डिव्हाइस ट्री' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये जाऊ लागली.

रेफरन्स म्हणजे काय?

आपल्याकडे पत्ता सांगताना गट नंबर आणि गाळा नंबर देतात, तसंच. टचस्क्रीनच्या नोंदीत रिसेटच्या तारेसाठी साधारण तीन गोष्टी असतात: कोणता कंट्रोलर, त्याची कितवी पिन आणि सिग्नल उलटा धरायचा का. कंट्रोलरच्या पुढे किती आकडे लागतील, हे तो कंट्रोलरच ठरवतो. शेवटचा आकडा चुकला तर टचस्क्रीन रिसेटमध्येच अडकून राहू शकते. वायरिंग ठीक, हार्डवेअर ठीक, तरी स्क्रीन बंद!

धोका कुठे आहे?

एखादी नोंद किती जण वापरत आहेत, याची कर्नल मोजणी ठेवतो. ड्रायव्हरने रेफरन्स घेतला की आकडा एकने वाढतो, काम संपल्यावर तो परत करावा लागतो. परत करायचं राहिलं तर मेमरी अडकते. एकदा जास्त परत केला तर वापरात असलेली नोंदच पुसली जाऊ शकते. सी भाषेत हा हिशेब बहुतेकदा प्रोग्रामरनेच लक्षात ठेवायचा असतो. म्हणूनच अशा विसरलेल्या नोंदींच्या दुरुस्त्या कर्नलमध्ये वर्षानुवर्षं होत आल्या आहेत.

आता काय बदलतंय?

डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स ६.१ सोबत रस्ट भाषा कर्नलमध्ये आली. डिसेंबर २०२५ मध्ये तिच्यावरचा 'प्रायोगिक' हा शिक्काही काढायचं ठरलं. रस्टमध्ये रेफरन्सचं काम संपलं की तो आपोआप परत होतो.

पण रस्ट चुकीचा पत्ता दुरुस्त करत नाही. पिनचा आकडाच चुकीचा लिहिला, तर ती चूक बोर्डची माहिती लिहिणाऱ्यालाच शोधावी लागेल.