साधने बदलतील, लेखन टिकले पाहिजे

आपल्या शाळेतील बरेच कॅडेट आता संगणक, ड्रोन आणि रोबोटिक्सविषयी टिपणे लिहून ती इंटरनेटवर ठेवू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "सर, कशावर लिहू?" माझ्या मते त्याआधी स्वतःला दुसरा प्रश्न विचारायला हवा: हे साधन उद्या बंद झाले, तर माझे लेखन माझ्याकडे उरेल का?

मी वीस वर्षांहून अधिक काळ अशी टिपणे लिहितो आहे. सुरुवातीला नोटपॅडमध्ये एचटीएमएल हाताने लिहायचो. एक टिपण वाढले की अनुक्रमणिकेचे पानही हातानेच दुरुस्त करावे लागे. ब्लॉगरने ते कष्ट संपवले. मग वर्डप्रेस आले. त्यात मजकूर डेटाबेसमध्ये असतो आणि वाचकाने मागितले की सर्व्हर पान जुळवून देतो. सोय मोठी, पण प्लगइन, अपडेट आणि सुरक्षेचा पहारा कायमचा मागे लागतो. आता मी जेकिल वापरतो. टिपणे मार्कडाउनच्या साध्या फाइलींत असतात आणि सगळी पाने आधीच तयार करून सर्व्हरवर ठेवली जातात. तिथे डेटाबेसच नाही, म्हणजे सांभाळायची एक आघाडी कमी.

या बदलांत मला एक गोष्ट पटली: मजकूर जितका साधा, तितके स्थलांतर सोपे. जिओसिटीजचे उदाहरण घ्या. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेवर असंख्य लोकांनी स्वतःची पाने उभी केली. १९९९ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि २००९ मध्ये जपान वगळता बंद केली. स्वयंसेवकांनी बरेच काही वाचवले, पण सगळे नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांना तर हा धोका ओळखीचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी होती. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठी मजकूर म्हणजे निरर्थक चिन्हांची रांग. लेख शाबूत, पण वाचता येत नाही!

कोणी म्हणेल, नवशिक्याने एवढा विचार कशाला करायचा? तयार सेवा वापरावी आणि लिहावे. ते मला मान्य आहे. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हींतून मजकूर बाहेर काढता येतो. ती सोय वापरा, एवढेच. उलट दर सुट्टीत नवे साधन बसवत राहणे आणि वर्षभरात दोनच टिपणे लिहिणे, हे मला जास्त घातक वाटते. रायफल बदलली तरी पकड, श्वास आणि ट्रिगरवरचा ताबा यांचा सराव वाया जात नाही. लेखनात तो सराव म्हणजे प्रयोग नीट करणे आणि तो स्पष्ट शब्दांत मांडणे.

म्हणून कॅडेट मित्रांनो, कोणतेही साधन निवडा. पण मूळ टिपण युनिकोडमधील साध्या फाइलीत लिहा, त्यावर तारीख घाला आणि दोन ठिकाणी प्रत ठेवा. पालकांनीही पान किती देखणे झाले एवढेच पाहू नये. सुट्टीत मूल घरी आले की विचारावे, "प्रत कुठे ठेवली आहेस?"